उसना डोंगर

लेकीच्या गावातल्या सार्वजनिक बागेत
प्रत्येक झाडाच्या गळ्यात नावाची पाटी.
मी एकतीस वर्षं रोपवाटिकेत तेच केलं,
टिनाच्या पट्टीवर पांढरा रंग, वर तार.
म्हणून वाचायचा कंटाळा आला.
यामिनी म्हणाली, बाबा, आत एक चिनी बाग आहे.
बागेत बाग. मसाल्याच्या डब्यात वाटी असते तशी.

दार नव्हतं. भिंतीला नुसतं भोक,
पण परातीसारखं वाटोळं, रेखून काढलेलं.
वाकायची गरज नव्हती.
तरी मी वाकलो.

आत फुलं जवळजवळ नाहीतच.
वाळवीनं पोखरल्यासारखे दगड,
आणि त्यांची बडदास्त जावयासारखी.
तळ्यावर पूल. सरळ गेलं तर दहा पावलं,
हा नऊ वळणं घेऊन जातो.
आमच्या खात्यात असता
तर ठेकेदाराचं बिल अडलं असतं.

एक म्हातारी पानं झाडत होती.
सगळी नाही. काही मुद्दाम ठेवत होती.
तिनं माझी नखं पाहिली.
(ही माती कुठल्याच विमानतळावर धुऊन निघत नाही.)
बाहीला धरून मला दोन पावलं डावीकडे सरकवलं
आणि भिंतीवर बोट दाखवलं:
बागेबाहेर, गावाबाहेर,
निळा डोंगर,
नेमका कौलांवर येऊन टेकलेला.

याला म्हणे उसनं दृश्य म्हणतात, यामिनीनं सांगितलं.
जे आपलं नाही ते आपल्या बागेत बसवायचं,
हात न लावता.
मला हसू आलं. आमच्याकडे विरजण उसनं आणतात,
शिडी आणतात, गॅसचं सिलिंडर, लग्नाच्या सतरंज्या.
डोंगर?

नागपूर. मे. सेहेचाळीस.
दुपारी कूलरपुढे बसलो की वाळ्याचा वास,
आणि समोर माझीच भिंत.
पलीकडे धवड.
तीन इंचांचा दावा, दोन हजार नऊपासून.
त्यांच्या बिहीची फांदीसुद्धा दिसू नये
म्हणून मीच भिंत साडेसहा फुटांवर नेली होती,
कर्ज काढून.

रामटेके गवंड्यानं खिळा ठोकला, सुतळी बांधली,
कोळशानं गोल फिरवला.
काकाजी, खिडकी करून राहिले का?
नाही.
मंग, दार?
नाही.
मंग काय करून राहिले?
मला नीट सांगता येईना.
छिन्नी चालू दे, म्हटलं.

तिसऱ्या दिवशी वर्तुळ मोकळं झालं
आणि त्यात पहिल्यांदा दिसले ते धवड,
बनियनमध्ये, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र,
एखाद्या जुन्या फोटोत असावेत तसे.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग म्हणाले, यातले तीन इंच कोणाचे पडले?
म्हटलं, वकिलाला विचारून सांगतो.
ते आत गेले.

मागे बिही.
मे महिना, फळ कुठलं.
सालं सुटलेलं, गुळगुळीत, तांबूस खोड,
एक फांदी वर्तुळाच्या बाहेर जाते
आणि परत आत येते.
चौदा वर्षं हे झाड
माझ्यापासून अकरा फुटांवर वाढत होतं.

पण माणसाला आळं करता येत नाही.
खोडाला चिकटून माती चढवलेली,
कड भेगाळलेली, पानं दुपारीच लोंबलेली.
मला पाहवेना. धंद्याची सवय.

उसनं ते हात न लावता घ्यायचं,
कळतं मला.
रात्री अकराला, लाइट बंद करून,
मी पाईप भोकातून पलीकडे सोडला
आणि नळ अर्धाच उघडला, आवाज नको म्हणून.
माती पाणी पिते तेव्हा बुडबुड्यांचा बारीक आवाज येतो,
तो मात्र थांबवता आला नाही.

त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागला.
विझला.

पुढची तारीख सतरा जून आहे.