पोकळ भिंत

बिरनाळे बाईंनी मोटरसायकलच्या सीटवर नकाशा पसरला
आणि म्हणाल्या, दस्तगीरभाई, पश्चिमेला खिडकी नको.
मी हसलो. रस्ता तर पश्चिमेलाच.
रस्त्याकडं तोंड नसलेलं घर
दाखवायचं कुणाला?
बाई म्हणाल्या, उन्हाला तर नाहीच.

मग विटा. आडव्या नाही, कडेवर उभ्या,
आणि दोन विटांमध्ये चार बोटं हवा.
बत्तीस वर्षं थापी धरतोय मी.
वस्तादानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं,
भिंत ठोकून बघायची, भरीव वाजली पाहिजे,
पोकळ वाजली तर गवंडी चोर.
आणि ही मास्तरीण पगाराच्या पैशानं
पोकळ बांधून मागते.
चार थर झाले. बाई शाळेत गेल्यावर
गुपचूप ओळंबा सोडला.
ओळंबा काही बोलला नाही.

स्लॅबच्या दिवशी तर जत्राच.
सळयांच्या चौकटीत पालथी परळं,
शिवलिंग कुंभाराकडनं टेम्पोनं आणलेली,
सहाशे चाळीस, वाटेत फुटलेली एकवीस सोडून.
सेंट्रिंगवाला खालून ओरडला,
चाचा, कुणाची मडकी पुरताय?
सगळे हसले. मीही.
संध्याकाळी सिमेंटची एकोणीस पोती उरली.
परत द्यायला गेलो तर दुकानदारानं
असं बघितलं,
जणू मी कुठंतरी कमी घातलंय.

हवेचं मात्र मला न शिकता कळत होतं.
सावळजच्या माळावर मेव्हण्याचं बेदाण्याचं शेड आहे.
शेडला कुणी भिंत घालतं का?
वाऱ्याची वाट बघून खांब रोवायचे,
उन्हाला हिरवी जाळी, वाऱ्याला मोकळीक,
पंधरा दिवसांत द्राक्ष सुकतं
आणि तरी हिरवं राहतं.
द्राक्षाला एवढी अक्कल लावतो आम्ही.
माणसाला पत्रा.

जिन्याच्या टोकाला झरोके मी सुचवले.
बाईंनी नकाशावर पेन्सिलनं काढून घेतले
आणि खाली माझं नाव लिहिलं. का कुणास ठाऊक,
त्या दिवशी चहा दोनदा प्यालो.

एप्रिलमध्ये वायरमन येऊन गेला म्हणे.
मीटर ठोकून बघितला, खांबापर्यंत तार चाचपली,
बाई, आकडा तर नाही ना टाकला?
एवढ्या बिलात घर कसं चालतं?
बाईंनी त्याला आत बोलावून पाणी दिलं.
तो बसला तो बसलाच.

मी गेलो तेव्हा चार वाजले होते, रस्त्यावरचं डांबर मऊ.
पश्चिमेच्या भिंतीला आतनं पाठ टेकली.
मग वळून बोटानं ठोकली.
माठासारखी वाजली.

माझं घर दोन हजार नऊचं.
स्लॅब मीच टाकला, पाच इंच, नुसता भरीव,
पश्चिमेला चार बाय चारची खिडकी, निळी काच.
गाव बघायला आलं होतं.
आता उन्हाळ्यात हलीमा
टँकरच्या पाण्यातला शेवटचा हंडा
दिवेलागणीला स्लॅबवर ओतते.
चर्र होतं,
मग पोरं वर अंथरूण टाकतात.

तिला सांगितलं, बाईंच्या घरी असं असं आहे.
तिनं हंडा खाली ठेवला.
एवढं येतं तुम्हाला?
मग आपल्या वेळी कुठं ठेवलं होतं?

काय सांगू.
तेव्हा भरीव म्हणजे चांगलं,
एवढंच येत होतं.

रविवारी मेव्हण्याची जुनी जाळी आणून
निळ्या काचेवर बाहेरनं बांधली.
एक कोपरा सारखा सुटतो.
दुपारी बघतो तर हलीमा वर स्लॅबवर,
अनवाणी पावलं मोजत चाललेली,
पाय भाजले तशी चप्पल घालून पुन्हा पहिल्यापासून.
कठड्यावरनं वाकून म्हणाली,
मडकी पालथी मांडून वर चुना-विटेचा थर दिला तर
तीनशे दहा बसतील.
वाटेत फुटतील ती वेगळी.