सरस

चौथीत बाईंनी विचारलं, सरसच्या विरुद्ध काय?
वर्ग एका सुरात म्हणाला, नीरस.
मी वहीत लिहिलं:
सरस म्हणजे खूर, हाडं, कातड्याचे तुकडे
उकळून उकळून
उरतं ते.
बाईंनी लाल फुली मारली.
ती वहीही बाबांनीच शिवलेली होती.

बडकस चौकामागे आमचं दुकान,
'बारापात्रे बाइंडिंग वर्क्स', दारापेक्षा पाटी मोठी.
डब्यात डबा: बाहेरच्यात पाणी, आतल्यात सरस,
खाली वातींचा स्टोव्ह.
मे महिन्यात बाबा म्हणत,
"स्टोव्ह कायले पाह्यजे, उन्हात ठेव ना डबा."
वास असा, की शेजारचा पानवाला
दुपारी दोन अगरबत्त्या जास्त लावी.

दोऱ्याला मेण. रामटेककडचा एक माणूस
पोळ्यांचं आणून देई, त्यात कधी मेलेली माशी.
खळ गव्हाची, चिमूटभर मोरचूद घातलेली,
नाहीतर कसर खाते.
पाठीला बकरीचं कातडं.
घडी मोडायला हाडाची पट्टी.
कुणाचं हाड, मी कधी विचारलं नाही.
बाबा ती आधी गालावर घासत,
तेल लागलं की कागदावर सरकते म्हणून.
म्हणजे कोर्टातल्या कितीतरी रजिस्टरांत
बाबांच्या गालाचं तेल आहे.

एकदा इतवारीतून सुगनचंदजी आले,
लाल फडक्यात आजोबांची पोथी.
"आमच्याकडे कांदासुद्धा नाही, बारापात्रेजी.
यात तसलं काही नसतं ना?"

बाबा म्हणाले, "असते जी. पण तुमच्यात नाही घालत."
नुसत्या खळीवर बांधली.
कापडी पाठ, बिनमेणाचा दोरा,
पट्टी बाजूला ठेवून
घड्या नखानं मोडल्या.
नख कुणाचं, हे सुगनचंदजींनी विचारलं नाही.

तीन उन्हाळे टिकली.
चौथ्या वर्षी ते परत आले, पानं हातात सुटी.
बराच वेळ स्टोव्हकडे बघत बसले.
मग हळूच म्हणाले,
"जे लावता ते लावा.
फक्त मला सांगू नका."

बाबांनी मान हलवली.
ते गेल्यावर डबा उतरवून ठेवला
आणि पुन्हा खळच कालवली.
दोरा तेवढा दुहेरी घेतला, टाके जवळजवळ,
रात्री साडेअकरापर्यंत.
तेही त्यांना सांगितलं नाही.

आता पांढरा गोंद येतो प्लॅस्टिकच्या बरणीत.
त्याला वास नाही.
कुणाचाच नाही.

परवा माळा झाडताना आतला डबा सापडला,
तळाला खडीसाखरेसारखं काही, पिवळं, तडकलेलं.
गरम पाणी ओतलं. वास उठला.
अगरबत्ती लावायला कुणी नव्हतं,
शेजारी आता मोबाइलचं दुकान.
बोट फिरवून पाहिलं.
वीस वर्षांनी
बोट आणि अंगठा
क्षणभर सुटेनात.