गोळीवरची रेघ

गोळीबार चौकात माझं गोळ्यांचं दुकान,
या विनोदावर हसून झालंय सगळ्या मोहल्ल्याचं.
एकोणीस वर्षं मी काउंटरच्या आत.
मे महिन्यात दुपारी दोन ते पाच
चौकात फक्त ऊन असतं, आणि मी.

त्या उन्हात निनावेबाई आल्या,
डोक्याला ओला दुपट्टा,
उजव्या मनगटावर तव्याचा ताजा डाग.
जळल्याचं मलम मागितलं,
मग सुटे मोजता मोजता, माझ्याकडे न बघता:
"मले सकाळी उठवतच नाही, बाई.
डोक्यात रुई भरल्यावानी वाट्टे.
परवा चहात मीठ टाकलं.
काल नळ सुरू ठेवून बसल्या जागी झोपली,
आंगणभर पाणी."

रजिस्टर उघडायची गरज नव्हती.
एक चिठ्ठी दिवाकररावांची, एक यांची,
डॉक्टर एक, गोळी एक, दहा मिलिग्रॅम,
कूलरच्या घरघरीतही डोळा लागावा म्हणून.
पाकीटसुद्धा एकच, दोन उशांच्या मधे.

दिवाकरराव पाचला टुणकन उठतात,
गांधीसागरला दोन चकरा मारून
सातला दारातून विचारतात,
"अजून झोपलीच काय?"
सून म्हणते, वय झालं.
नणंद म्हणते, पहिलेपासूनच सुस्त.
निनावेबाई काही म्हणत नाहीत.
डागावर फुंकर घालतात.

आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं:
रुग्ण म्हणजे सत्तर किलोचा माणूस.
मी वहीत तसंच उतरवून घेतलं,
शेहेचाळीस किलोची मी,
पहिल्या बाकावर बसून.

गाणी काहीही म्हणोत, खाटकाला विचारा,
काळीज म्हणजे यकृत.
गोळीचा हिशेब तिथे चुकता होतो,
आणि बाईच्या काळजाला ही गोळी
उशिरा सोडते.
रात्री दहाला घेतलेली
तवा तापतो तेव्हाही रक्तात बसून असते,
त्यांच्या रक्तातून केव्हाच उठून गेलेली.

डॉक्टरांना फोन लावला.
आधी म्हणाले, वयाचं असेल.
मी फोन ठेवला नाही.
पलीकडे पानं चाळल्याचा आवाज,
मग, "हं. अर्धी करा. चिठ्ठी पाठवतो."

गोळी तळहातावर ठेवून दाखवली:
मधोमध रेघ, नखाला लागेल एवढीच.
"हे तोडाची रेघ होय? मले वाटलं नक्षी हाय."

मी सांगायला लागले, हार्मोन, चरबी, एन्झाइम,
त्यांनी अर्ध्यात हात वर केला.
"समजलं. घरी दोन माग होते आमच्या.
एकाच सुताराचे, एकाच सागाचे.
पण मोठ्यावर जसा ताणा धरला
तसा लहान्यावर धरला का तुटेच.
अन् तुटला का शिव्या मलेच."

मलम लावलं. पायरी उतरल्या.
परत चढल्या.
"मंग बीपीची? सांध्याची?
ते थायरॉइडची बारीक पांढरी?
त्याईचं माप कोणावर घेतलं?"

माझ्या मागे भिंतभर फळ्या,
छतापर्यंत खोकी.
मी वळून बघितलं,
जणू तिथून कोणी उत्तर देईल.
"विचारते," म्हणाले.
कोणाला, ते मलाही ठाऊक नव्हतं.

रात्री शटर ओढताना दिवाकररावच आले,
पाकीट हातात. हिशेबी माणूस, मिलमधला.
"अर्धी तिनं घेतली. उरलेली अर्धी कोणाची?"
"तिचीच. उद्याची."
त्यांनी बोटांवर मोजलं, दहाचे वीस दिवस,
मान हलवली,
दोन पावलं गेले, थांबले,
आणि घरी विचारायचं ते मला विचारलं:
"लय भाजलं काय तिले?"