नौतपा

नौतप्याच्या चौथ्या दिवशी मी दुलई काढली.

बाहेर दौलतगंजात डांबर चपलेला चिकटत होतं,
कूलरची खस वाळून कुरकुरीत,
आणि नवरा उघड्या अंगानं फरशीवर पडल्या पडल्या म्हणाला,
नलू, तुला झालंय तरी काय?
थंडी वाजते, म्हटलं.
तो हसला. मीही हसले.
हसण्यावारी गेलं ते. बाकीच्यासारखंच.

बाकीचं म्हणजे,
फेब्रुवारीपासून अंगठी निघत नाही.
साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून ओढली,
मग म्हटलं राहू दे, कुठं जायचंय तिला.
कंगव्यात केसांचा पुंजका येतो रोज,
तो मी खिडकीत ठेवते, चिमण्या नेतात;
त्यांची दोन घरटी तरी झाली असतील एव्हाना.
आवाज जाड झालाय.
फोनवर गॅसवाला मला ‘हाँ भाईसाहब’ म्हणाला.
आणि दुपारी दोनला झोप येते ती अशी,
की सुईत दोरा अर्धा ओवलेला असतो
आणि मी नसते.

प्रत्येकाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं.
केस? बोअरचं पाणी.
अंग सुटलं? हिवाळाभर मुरैन्याची गजक.
आवाज? कूलरची हवा.
झोप? वय.
पाळी कधी बावीस दिवसांनी, कधी पन्नास,
तेही वयच. वयाच्या माथी काय काय मारता येतं!

सत्तावीस वर्षं शिवतेय मी.
कापलेले तुकडे चटईवर विखुरलेले असले
की बघणाऱ्याला कळत नाही
हे ब्लाउजचे की बंडीचे.
मला कळतं. मलाच नाही कळलं.

फिटिंगला भदौरिया मॅडम आल्या.
पाठीचा हुक लावताना आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या,
दीदी, भौंहें आधी क्यों बनवाईं?
मी भुवया करायला कधी गेलेच नाही कुठे.
त्या आरशात मी नेहमी गिऱ्हाइकाची पाठ बघते,
त्या दिवशी माझं तोंड बघितलं.
भुवया बाहेरच्या टोकाला विरलेल्या,
दुमड न घातलेल्या काठासारख्या.

रात्री मापांची वही काढली.
शेजवलकरांची सून, तिची नणंद,
भदौरिया मॅडम, दर दिवाळीला अर्धा इंच जास्त,
कुणाचा दंड, कुणाची कंबर, कुणाचा ढळलेला खांदा.
माझं पान नव्हतं.
टेप सत्तावीस वर्षं माझ्या गळ्यात आहे
आणि गळा कधी मोजला नाही.

मोजला. सव्वाचौदा.
आधी किती होता, कुणाला विचारू?
आवंढा गिळला तर टेप जरा जास्तच हलली,
किंवा तसं वाटलं.
नाव घातलं: नलिनी माहुरकर.
खाली छाती-कंबरेच्या रकान्यांत लिहिलं:
थंडी. अंगठी. केस. आवाज. झोप. पाळी. भुवया.
तुकड्याला तुकडा लावून बघितला.
शिवण जुळत होती.
पण मी काही डॉक्टर नाही. निघेल कदाचित बंडीच.

सकाळी नया बाजारातल्या लॅबमध्ये गेले.
डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवर तीन इंग्रजी अक्षरं होती, एवढ्याशा जागेत.
नस शोधणारी पोरगी म्हणाली,
आंटी, कितने ठंडे हाथ हैं आपके!
इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी
ते हसण्यावारी नेलं नाही.
तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळला,
मग सुई घातली.

रिपोर्ट संध्याकाळी सहानंतर.

बाहेर दहालाच लू सुटलेली.
माणसं तोंडाला गमछा बांधून
भिंतीभिंतीच्या सावलीनं चाललेली.
मी मात्र रस्त्याच्या मधोमध उभी, कोपरात कापसाचा बोळा दाबून,
आणि उन्हात बरं वाटत होतं.
टेम्पोवाला ओरडला, अम्मा, लू लग जाएगी!
लगने दो, म्हटलं,
त्या भाईसाहबांच्या आवाजात.