मुंग्या

अतलानमामा सांगतो, पायाला मुंग्या येतात.
कधीपासून, मी विचारते.
तो बोटांवर मोजू लागतो, ईस्टर, त्याआधी नाताळ,
मग हात मांडीखाली घेतो.

मी माजुरोच्या इस्पितळात पट्ट्या बांधते.
सोमवार ते शनिवार नुसते पाय.
रविवारी चर्चमध्येही नजर आधी चपलांवर जाते,
कुणाचा अंगठा काळवंडलाय, कोण टाच टेकत नाही;
प्रार्थना संपेपर्यंत मला चेहरे दिसत नाहीत.

मामा गोदीत हमाल होता, तेहतीस वर्षं.
तांदळाचं जहाज लागलं की
खांद्यावर एक पोतं, त्यावर दुसरं,
असा फळीवरून झुलत उतरायचा
की पोरं टाळ्या पिटायची.
मजुरीतला निम्मा पैसा तांदूळ होऊनच घरी यायचा.
पांढरा, खडा नाही, कोंडा नाही,
दातांना कामच नाही.
परसात नीरफणस मुरत घालायचा खड्डा होता.
एका वर्षी मामाने तो बुजवला
आणि त्यावर फ्रीजर ठेवला.

यंत्र म्हणालं, तीनशे बारा.
साखरेला मी शिवत नाही, मामा म्हणाला.
आणि ते खरंच होतं.

मग मी त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं:
भात घशाखाली उतरेपर्यंतच भात, मामा.
पुढे तो साखर होऊन रक्तात उतरतो,
घाईघाईने, सगळा एकदम,
जहाज रिकामं करायची वेळ ठरलेली असावी तसा.
आणि आतले हमाल थकलेत.
पोती उचलून घराघरांत पोचवत नाहीत,
धक्क्यावरच थप्पी लागते.
डोळ्यांत थोडी, मूत्रपिंडात थोडी,
उरलेली पायात.

मामा बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, संपावर असतील.
मजुरी वेळेवर देता ना त्यांना?

मी हसले. कागदावर लिहून दिलं:
एक मूठ भात. मासा. नारळाचं पाणीही बेताने.
आणि नीरफणस?
तोही मोजूनच, मी म्हणाले,
आणि माझं मलाच वाईट वाटलं.

जुलैत रोसानियाचा पहिला वाढदिवस.
मूल वर्षाचं झालं की गाव जेवतं आमच्याकडे.
डुक्कर, मासे, डोनट, आणि भात,
डावाने थापलेले भाताचे डोंगर.
ताट परत करायचं म्हणजे
त्या पोरीच्या आयुष्याला नाही म्हणायचं.
मामाने दोनदा घेतलं.
कुणीतरी नारिंगी सरबताचं बोट
रोसानियाच्या ओठाला लावलं,
तिने डोळे मोठे केले, बोट सोडेना.
सगळे हसले.
मीही.

ऑगस्टमध्ये मामाचा फोन, आवाजात सण:
मुंग्या गेल्या!
मी खुर्चीत बसले.
मला ठाऊक आहे त्या कधी जातात.
आत दार उघडायला कुणी उरलं नाही की.

आठवड्याने तो प्रवाळावरून चालत आला,
दिवसभर तसाच हिंडला, दोन घरी पत्ते खेळला.
रात्री नेइजॉनमामीला चटईवर ठसे दिसले,
एकाच पायाचे, तांबडे,
आणि उंबऱ्याशी काढलेल्या चपलेत
खऱ्या मुंग्या,
शिस्तीत, एकामागे एक,
काहीतरी उचलून नेणाऱ्या.

दोन बोटं गेली.
पट्टी बांधताना मी खाली पाहते, तो खिडकीबाहेर.
तेहतीस वर्षं ज्याचं खाल्लं
त्याला जागलो गं, तो म्हणतो.
मग जरा थांबून:
आर्नोहून नीरफणस मागव. खड्डा परत खणतो.

होडी कधी येईल सांगता येत नाही, मामा.
वारा, डिझेल, दोन्ही लागतं.

आणि तांदळाचं जहाज?

मंगळवारी, मी म्हणते.
ते कधी चुकत नाही.