ओलं लाकूड

पाराना नदीच्या काठावरचा तुरुंग.
पडून बोलायला इथे दिवाण नाही.
जमिनीला बोल्टनं जखडलेलं टेबल, दोन खुर्च्या,
आणि दाराच्या काचेत दर सात मिनिटांनी
उगवणारी पहारेकऱ्याची टोपी.

ओविदिओ बेनेगास, वय एकोणतीस.
तीन वखारी जाळल्या, तिन्ही रविवारी,
आणि तिन्ही वेळा स्वतःच फोन करून
फुटपाथवर बसून राहिला बंबाची वाट बघत,
पाहुण्यांना उतरवून घ्यायला आल्यासारखा.
"कोठडीत मला झोप लागते, डॉक्टर.
बाहेर नाही लागत."

आमच्या शास्त्रात याला जागा आहे:
गुन्ह्याच्या आधीच येऊन बसलेला अपराधभाव,
करार न केलेल्या भाडेकरूसारखा.
मग माणूस गुन्हा करतो,
निदान कशासाठी छळतंय ते कळावं म्हणून.
हे वाक्य मी परिषदेत दोनदा वाचलंय.
टाळ्या पडल्या. नंतर जेवण चांगलं होतं.

अकरा बुधवार तो गप्प.
मी थर्मासमधलं गरम पाणी ओतून
माते पुढे करायची, तो घोट घ्यायचा, परत सारायचा.
बाराव्या बुधवारी म्हणाला,
"ओली आई लवकर पेटत नाही."
थांबला.
"लाकूड. ओलं लाकूड."

आमच्या बोलीत मादेरा म्हणजे लाकूड, मादरे म्हणजे आई;
मध्ये जीभ घसरेल एवढंच अंतर.
टोपी उगवली, मावळली.
मी काही विचारलं नाही.
कान उघडे, हात मांडीवर,
एवढंच काय ते कसब;
बाकी सगळा पगार वाट बघण्याचा.

न्यायाधीश बाईंचा फॉर्म मात्र वाट बघत नाही.
पुन्हा करण्याची शक्यता: आहे, नाही.
दोन चौकोन, तीळ मावेल एवढे.
ती आई इथे लिहिली
तर सरकारी वकील तिला पिंजऱ्यात उभी करील,
आणि ओविदिओ जन्मात पुन्हा
चुकीचा शब्द बोलणार नाही.
नाही लिहिली, तर चौथी वखार,
आणि माळ्यावर झोपलेलं कुणाचं तरी पोर.

रात्री दोनपर्यंत टाइप करत बसले.
सकाळी कोर्टातून कारकून ओर्तेन्सियाचा फोन:
"पान चारपासून पुढे, बाई, हा लाऊतारो कोण?"

लाऊतारो माझा भाऊ.
एकोणिसाव्या वर्षी याच नदीत गेला.
मी काठावर होते.
मला पोहता येत होतं.

सात ठिकाणी नाव दुरुस्त केलं.
चौकोन अजून कोरे आहेत, मुदत शुक्रवारपर्यंत.
दुपारी माझ्या जुन्या विश्लेषक बाईंना फोन लावला.
त्या आता शहाऐंशीच्या, ऐकू कमी येतं.
"कोण बोलतंय?" त्यांनी विचारलं,
मग जरा मोठ्यानं, "कोण?"
आणि मी स्वतःचं नाव सांगण्याआधी
तोंडातल्या तोंडात
एकदा म्हणून बघितलं.