अधिक, उणे

टोर्सहाव्न. बंदरामागचं तळघर.
येग्वान म्हणतो, प्रो टूल्समध्ये चेलो ऊबदार लागतो.
बोरुर रीपरवाला. साठ दिवसांची मुदत
कधीच उलटली, तरी ते रोज उघडतं,
पैशांची नुसती आठवण देतं
भिडस्त शेजाऱ्यासारखं.

तीन हिवाळे हाच वाद.

आज मार्यून, जिचा चेलो,
कोट न काढताच म्हणाली:
दोन्हींतून तोच तुकडा काढा,
एकाची लाट उलटी करा
आणि लावा एकदम.

लावला.
काटा जागचा हलला नाही.

मग हीटरची टिकटिक ऐकू आली,
जिन्यावर कुणाचे तरी ओले बूट,
तिघांचे श्वास, वेगवेगळे.

बऱ्याच वेळाने येग्वान, पुटपुटत:
तरी पण माझ्यातला
थोडा ऊबदारच होता.